माशांच्या तळ्याजवळ कोणतं फुलझाड? कोटेशन देण्याआधी हे वाचा

गार्डन पाँडच्या व्यवसायावरचा व्हिडिओ टाकल्यापासून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. "सर, तळं बांधून देतो, फिल्टर बसवतो, सगळं जमतंय. पण क्लायंट म्हणतो काठावर छान फुलांचं झाड हवं. कोणतं लावू?" व्हिडिओत मी यावर जेमतेम दोन मिनिटं बोललो आणि पंपाच्या हिशोबाकडे वळलो. चुकलंच माझं. या धंद्यात पैसे बुडतात ते पंपात किंवा फिल्टरमध्ये क्वचितच. झाडाच्या जागेत बुडतात, आणि तेही काम संपवून, फोटो काढून, तुम्ही निश्चिंत झाल्यावर.

आमच्या एका जुन्या बॅचमधल्या मुलाचं सांगतो. नाशिक भागात एका फार्महाऊसवर त्याला पहिलंच मोठं काम मिळालं. आवारात एक डेरेदार गुलमोहर होता. मालकांनी सांगितलं, "तळं याच्याखाली करा, मे महिन्यात लाल फुलं पाण्यावर पडलेली काय दिसतील!" यालाही पटलं. आयती सावली मिळतेय, वेगळं झाड लावायचा खर्च नाही. डिसेंबरात तळं भरलं, कोई मासे सोडले, सगळे खूश. जानेवारीपासून गुलमोहराची पानं गळायला लागली. त्याचं पान म्हणजे काय, तर भाताच्या दाण्याएवढी शेकडो पानुली. जाळीतून ती आरपार जातात. पंपाच्या तोंडाशी त्यांचा लगदा बसला. वरचा माळी जाळं फिरवून दिसेल तेवढं काढायचा, उरलेलं तळाशी जायचं. मेमध्ये पाकळ्या आल्या, त्याही तळाशी गेल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री पहिला मोठा पाऊस झाला आणि सकाळी सहा वाजता मालकांचा फोन आला. सगळे मासे उलटे तरंगत होते.

मालकांनी शेवटचा हप्ता थांबवला. मासे पुन्हा आणून द्यावे लागले, आणि त्या माशांची किंमतच पूर्ण कामातल्या नफ्यापेक्षा जास्त होती. त्या पोराचं काय चुकलं, हे नीट समजून घेऊ या. कारण त्याने बांधकामात एक विटही वाकडी लावली नव्हती.

पान पाण्यात पडल्यावर काय होतं

पाण्यात पडलेलं पान कुजतं. कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात, म्हणजे माशांच्या ताटातलंच जेवतात. त्यातून अमोनिया सुटतो, पाणी चहासारखं तपकिरी होतं. थोड्या पानांनी काही बिघडत नाही, फिल्टर ते झेलतो. अडचण साठ्याची आहे. तळाशी दोन-तीन इंच काळा गाळ बसला की तो वरून दिसत नाही, पण तो गाळ तुमच्या नावावर चढणारं व्याज आहे.

आता उन्हाळ्याचं गणित बघा. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. पाणी ३० अंशांवर गेलं की हा आकडा साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे मासे ऐन उकाड्यात जास्त श्वास घेणार आणि पाण्यात प्राणवायू कमी असणार. रात्री पाणवनस्पती आणि शेवाळही प्राणवायू वापरतात, त्यामुळे सर्वांत वाईट वेळ पहाटेची. अशात पहिला पाऊस आला की वरचं पाणी थंड होऊन खाली जातं, खालचं वर येतं, पत्र्यावरून आणि अंगणातून आलेलं पाणी गाळ ढवळतं, आणि महिनोन्‌महिने साठलेली घाण एका रात्रीत सगळ्या पाण्यात पसरते. आभाळ असल्याने दुसऱ्या दिवशी ऊनही नाही. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमिट करताना दिसले की समजा, तास-दोन तास हातात आहेत.

तर मग तळ्याजवळ झाडच नको, असं म्हणायचं का? अजिबात नाही. आपल्याकडे उलटा प्रश्न आहे. दहा बाय आठ फुटांचं आणि साडेतीन फूट खोलीचं तळं धरा. २८० घनफूट, म्हणजे जेमतेम आठ हजार लिटर पाणी. विदर्भ-मराठवाड्यात मेच्या दुपारी एवढंसं पाणी उघड्यावर राहिलं तर मासे उकडतात आणि हिरवं शेवाळ फोफावतं. सावली हवीच. फक्त ती कुठून, कधी आणि कोणाची, हे ठरवणं आपलं काम, आणि क्लायंट पैसे देतो ते त्यासाठीच.

दिशा: इथेच बहुतेक जण घसरतात

बागकामाच्या परदेशी व्हिडिओंमध्ये सांगतात की सावलीसाठी झाड दक्षिणेला लावा. त्यांच्या देशात ते बरोबर असेल, पुण्यात नाही. पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारी सूर्य डोक्यावर किंवा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे ऐन मे महिन्यात दक्षिणेचं झाड तुमच्या तळ्याला काहीही सावली देत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि कमळांना ऊन हवं असतं, तेव्हा तेच झाड बरोबर ऊन अडवतं. नको तेव्हा सावली, हवी तेव्हा नाही.

मेमध्ये त्रास देणारं ऊन दुपारी दोन ते पाचचं. ते पश्चिमेकडून येतं, किंचित वायव्येकडे झुकलेलं. म्हणून सावलीचं झाड पश्चिमेला. किती लांब? मेच्या मध्याला पुण्याच्या आसपास सावलीचा अंदाज असा धरा: दुपारी अडीचला सावली झाडाच्या उंचीच्या निम्मी, साडेतीनला जवळजवळ उंचीइतकी, साडेचारला दीडपट. १५ फुटी झाड तळ्याच्या काठापासून १० फुटांवर असेल तर साडेतीनला सावलीचं टोक पाण्यावर चारेक फूट आलेलं असेल आणि साडेचारपर्यंत दहा फुटांचं सगळं तळं झाकलं जाईल. झाड पाण्यावर वाकलेलं असण्याची काही गरज नाही. हे क्लायंटला कागदावर आकृती काढून दाखवा. त्याला वाटतं सावलीसाठी झाड पाण्यावर पाहिजे. तुम्ही सावल्यांचं गणित मांडलंत की समोरचा माणूस "हा नुसता माळी नाही" असं मनात म्हणतो, आणि पुढची घासाघीस निम्म्यावर येते. अनुभवाचे बोल आहेत.

घर तळ्याच्या पश्चिमेला असेल तर सावली घरच देतं. मग तिथे झाडाचा आग्रह धरू नका, क्लायंटचे पैसे वाचवा.

पण थांबा, गुंतागुंत आता सुरू होते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उन्हाळ्याच्या दुपारी वाराही पश्चिमेकडूनच येतो आणि पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा. म्हणजे पश्चिमेला झाड लावलं की सावलीबरोबर कचराही तळ्यातच येणार. सावली हवी तीच बाजू कचऱ्याची. यावर तोडगा एकच: पश्चिमेला सदाहरित, कमी गळणारं, फुलांच्या रंगाचा फार बडेजाव नसलेलं झाड, आणि रंगांची उधळण करणारं, पानगळीचं झाड पूर्वेला किंवा ईशान्येला, जिथून वारा कचरा तळ्यापासून दूर नेईल. काम करणारं झाड एका बाजूला, मिरवणारं झाड दुसऱ्या बाजूला. दक्षिण बाजू मोकळी ठेवा, फार तर कमरेएवढी झुडपं.

डोंगर, इमारत, दरी यांमुळे वारा वळतो, हेही लक्षात ठेवा. म्हणून साइट व्हिजिट सकाळी उरकू नका. दुपारी तीनला जा आणि माळ्याला विचारा, "कचरा कुठल्या कोपऱ्यात साठतो?" आवारातला तो कोपरा वाऱ्याचा नकाशा आहे, फुकट मिळालेला.

कोणतं झाड कुठे

पश्चिमेसाठी माझी पहिली पसंती सीता अशोक. मुळातच तो ओढ्याकाठचा, अर्धवट सावलीचा, सदाहरित. उन्हाळ्याच्या तोंडाला केशरी-लाल गुच्छ येतात आणि कोवळी तांबूस पालवी लोंबत असते. वाढ मात्र संथ. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात पहिली दोन-तीन वर्षं त्याला शेडनेटची आडोशी आणि नियमित पाणी लागेल, हे आधीच सांगा. आणि नर्सरीत नीट बघून घ्या. नुसतं "अशोक" म्हटलंत तर हातात उंच, सरळसोट, लांब पानांचा आसुपालव ठेवतील. त्याला लोक अशोकच म्हणतात, पण तो वेगळाच वृक्ष आहे, फुलं हिरवट, दिसतही नाहीत, आणि पानं बारा महिने ढाळतो. "सीता अशोक" असं पूर्ण नाव बिलावर लिहून घ्या.

बकुळही पश्चिमेला चालते. दाट, सदाहरित, सुगंधी. फुलं बारीक आहेत, पण वजनाला काहीच नाहीत. छोट्या बंगल्याच्या अंगणात, जिथे पाच-सहा हजार लिटरचंच तळं आहे, तिथे कुंती बघा, म्हणजेच कामिनी. दहा-बारा फुटांत आटोपते, छाटता येते, पावसाच्या सरीनंतर पांढरी फुलं आणि घमघमाट. क्लायंटच्या सासूबाईंनाही आवडते, हा या झाडाचा जाहिरात न करता होणारा फायदा.

पूर्वेला, मिरवण्यासाठी ताम्हण. महाराष्ट्राचं राज्यपुष्प, आणि स्वभावाने पाण्याकाठचं झाड. एप्रिल-मेमध्ये जांभळी फुलं. फुलं नव्या फुटव्यावर येतात, त्यामुळे हिवाळ्याच्या शेवटी छाटणी करून झाड आवाक्यात ठेवता येतं आणि फुलही चुकत नाही. मोकळं सोडलं तर तीस-चाळीस फुटांवर जातं, म्हणून जागा त्या हिशोबाने. बहावाही सुंदर, मेमध्ये पिवळी झुंबरं. पण पानगळ पूर्ण, पाकळ्या ढीगभर आणि वर हातभर लांब शेंगा. बहावा हवाच असेल तर वीस फूट लांब, वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला.

देवकांचन पावसाळ्यानंतर फुलतो, मध्यम आकाराचा, पूर्वेला चालतो. शेंगा तडकून बिया उडतात, एवढंच.

चाफ्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तळ्याकाठी तो सर्रास लावतात आणि निम्म्या ठिकाणी मरतो. तसा तो उत्तम उमेदवार आहे. हिवाळ्यात पानं गळतात, पण ती वितभर लांब, हाताने उचलता येणारी. मुळं आक्रमक नाहीत. फूल पाण्यावर तरंगतं, सकाळी जाळीने काढता येतं. मग मरतो का? माळी विचार करतो, तळ्याकाठी ओल असेल, आणि खोलगट जागी लावून वर पाणी देतो. चाफ्याला पाय ओले ठेवलेले अजिबात चालत नाहीत, बुंधा सडतो. त्याला फूट-दीड फूट उंचवटा करून, मुरूम मिसळून लावा. चीक डोळ्यात-अंगावर जाऊ देऊ नका, आणि फांद्या ठिसूळ असल्याने लहान मुलांच्या झोक्यापासून लांब.

इथे एक गैरसमज काढून टाकू. तळ्याला आतून लायनर किंवा वॉटरप्रूफिंग असेल तर काठाची माती ओली नसतेच. ती इतर अंगणासारखीच कोरडी. काठाची माती कायम ओली राहत असेल तर तुमचं तळं गळतंय. आणि ओलीच्या मागे मुळं येतात, आलेली मुळं फट रुंदावतात. म्हणून ताम्हण काय, सीता अशोक काय, "पाण्याकाठचं झाड आहे, पाण्याची गरज नाही" असं समजून सोडू नका. ठिबकची एक वेगळी नळी तिथवर न्या आणि ती कोटेशनमध्ये धरा.

पारिजातकाचा मोह सगळ्यांना होतो. पहाटे पाण्यावर शुभ्र सडा! दिसायला खरंच सुरेख. पण हंगामात तो सडा रोज पडतो, आणि रोज सकाळी कोणीतरी उचलायला हवा. घरात रोज पूजेला फुलं वेचणारी व्यक्ती असेल तर लावा, काठापासून पाच-सहा फुटांवर, म्हणजे सडा लादीवर पडेल. वीकएंडला उघडणाऱ्या फार्महाऊसवर लावू नका.

बॉटलब्रशबद्दल सगळे विचारतात, कारण तो लोंबतो आणि पाण्याकाठी शोभतो. त्याचे लाल केसर सुईसारखे बारीक असतात आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये असे रुततात की हाताने काढत बसावं लागतं. जॅकरांडा आणि सोनमोहर यांना गुलमोहराच्याच रांगेत बसवा: बारीक पानुली, पाकळ्यांचा गालिचा. रस्त्याच्या कडेला छान. वड, पिंपळ, उंबर यांचं सांगायला नको. भिंत फोडून बाहेर येणारी मुळं आपण रोज बघतो.

ही झाडं काठावर नकोतच

इथे आवडीनिवडीचा प्रश्न नाही, माशांच्या जिवाचा आहे. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, दोन्हींच्या सगळ्या भागांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं. कमी पाण्यात वर्षभर फुलते म्हणून लँडस्केपवाले हमखास सुचवतात. कंपाउंडला लावा हवं तर, पण लहान मुलं आणि गुरं नसतील तिथे. तळ्याच्या काठी नाही.

करंज सावलीला उत्तम, पण त्याच्या बिया मासे पकडण्यासाठी पाण्यात टाकायची जुनी पद्धत आहे. मोहाच्या पेंडीत सॅपोनिन असतं, आणि मत्स्यशेतीत तळं नव्याने तयार करताना नको असलेले मासे मारायला हीच पेंड वापरतात. सह्याद्रीतला रामेठा, पिवळ्या फुलांचा, हल्ली देशी वनस्पतींच्या नर्सऱ्यांत मिळायला लागलाय. तोही मासे मारण्यासाठीच माहीत असलेला. आणि सगळ्यांत फसवी समुद्रफळ, काही ठिकाणी निवर म्हणतात. नदीकाठी नैसर्गिकच वाढते, लाल फुलांच्या माळा पाण्यावर लोंबतात, फोटो बघून कोणीही म्हणेल की तळ्यासाठी यापेक्षा सुंदर झाड नाही. तिच्या सालीत आणि बियांत सॅपोनिन असतं, आणि त्यानेही मासे गुंगवून पकडतात. वाहत्या नदीत फरक पडत नाही, कारण पाणी वाहून जातं. आठ हजार लिटरच्या बंद तळ्यात बिया पडून कुजल्या तर पाणी कुठे जाणार?

"देशी झाड म्हणजे निर्धोक" असं क्लायंट म्हणेल. देशी लावा, मीही त्याच मताचा आहे. पण आपल्या आदिवासी भागातल्या लोकांना मासे मारणारी झाडं पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत, आणि तीही देशीच आहेत.

अंतर आणि मुळं

मी शिकवतो तो साधा ठोकताळा असा: झाड पूर्ण वाढल्यावर फांद्यांचा घेर जेवढा होईल त्याच्या निम्मे अधिक तीन फूट, एवढं खोड काठापासून लांब. ताम्हणाचा घेर छाटून २० फुटांवर ठेवणार असाल तर १३ फूट. चाफा १२ फुटांचा होणार असेल तर ९ फूट. कुंतीला सहा-सात फूट पुरतात. मुळं फांद्यांच्या घेराबाहेरही जातात, त्यामुळे विटांच्या तळ्याला झाडाच्या बाजूने दोन-अडीच फूट खोल चर मारून जाड एचडीपीई शीट उभी गाडून घ्या. काळ्या जमिनीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि झाड शेजारचं पाणी ओढून ते आकसणं वाढवतं. बांधकामाला तडा गेला की दोष तुमच्या सिमेंटला लागतो.

फांदी पाण्यावर येऊ द्यायची नाही, याला आणखी एक कारण आहे. खंड्या. पाण्यावर झुकलेली आडवी फांदी म्हणजे त्याच्यासाठी हॉटेलचं टेबल. तिथे बसून तो छोटे गोल्डफिश एकेक करून उचलतो. क्लायंटला वाटतं मासे आजारी पडून कमी होतायत, आणि तुम्ही उगाच औषध टाकत बसता.

आता क्लायंटचा नेहमीचा हट्ट: "पण मला झाडाचं प्रतिबिंब पाण्यात दिसायला हवं, म्हणून काठावरच लावा." प्रतिबिंबासाठी झाड काठावर असावंच लागत नाही. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून चारेक फूट वर असतात. खुर्चीपासून सहा फुटांवर तळं सुरू होतंय, तळं दहा फूट रुंद आहे आणि झाड पलीकडच्या काठामागे १२ फुटांवर आहे, असं धरा. १५ फुटी झाडाचा शेंडा अलीकडच्या काठाशी दिसेल आणि खालचा भाग पलीकडच्या काठाकडे. जवळजवळ पूर्ण झाड पाण्यात उतरतं. विश्वास नसेल तर जमिनीवर मोठा आरसा ठेवून, समोर बांबू धरून दाखवा. मी एकदा असंच जुन्या कपाटाच्या आरशावर काम मिळवलंय. झाड खुर्चीच्या समोरच्या बाजूला हवं, एवढंच पथ्य.

कोटेशनमध्ये काय लिहाल

झाडाची चूक एएमसीत कशी खाते बघा. समजा एका फेरीला पेट्रोल आणि मदतनीस धरून तुमचा खर्च ७०० रुपये. महिन्याला २ फेऱ्या, वर्षाच्या २४, खर्च १६,८००. तुम्ही २४,००० रुपयांना एएमसी दिलीत, ७,२०० उरले. आता काठावर पानगळीचं झाड आहे, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल दर आठवड्याला जावं लागलं. ६ ऐवजी १३ फेऱ्या, ७ जादा, ४,९०० रुपये. वर्षभर राबून हातात २,३००. म्हणून आधीपासूनच आवारात मोठं झाड असेल तर दोन दर द्या: एक नेहमीचा, एक पानगळीच्या हंगामाचा, आणि तळ्यावर तात्पुरत्या शेडनेटची फ्रेम वेगळी धरा. मेच्या शेवटी तळाचा गाळ व्हॅक्यूमने काढणं ही स्वतंत्र ओळ लिहा. त्या नाशिकच्या पोराने हीच एक फेरी केली असती तर मासे वाचले असते.

"नाही जमलं तर झाड तोडू" हा विचार मनात आणू नका. शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्यानुसार, स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खड्डा खणण्याआधीच विचार करायचा.

लागवड जूनच्या शेवटी-जुलैत करा. खड्ड्यात वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस ओतायची माळ्यांना सवय असते, तळ्याजवळ ती बंद करा; माशांसाठी ते फार घातक आहे. सायपरमेथ्रीनसारखी फवारणीची औषधंही तशीच. तळ्याचा कठडा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार ते सहा इंच उंच ठेवा, म्हणजे खताचं पाणी पावसाबरोबर आत येणार नाही.

कोटेशनच्या शेवटी एक ओळ मोठ्या अक्षरांत टाका आणि तिच्याखाली मालकांची आणि माळ्याची, दोघांची सही घ्या: "तळ्यापासून २० फुटांच्या आत कोणतीही कीटकनाशक फवारणी आम्हाला कळवल्याशिवाय करू नये, केल्यास माशांची जबाबदारी आमची राहणार नाही." माळ्याची सही का? मालक वाचत नाहीत. पंप हातात घेणारा तोच असतो.